आयएन, ईयू की एनए: स्विचच्या शेवटच्या दोन अक्षरांचा हिशेब

चाकणजवळच्या एका कारखान्यासाठी २०२२ मध्ये चोवीस पोर्टचा पीओई स्विच घ्यायचा होता, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच जोडलेल्या उपकरणांना वीजही देणारा नेटवर्क स्विच. त्यावर सोळा सीसीटीव्ही कॅमेरे, पाच वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट आणि मुख्य स्विचकडे जाणारी एक फायबर लागणार होती. सिस्कोच्या बिझनेस ३५० मालिकेतला स्विच घ्यायचं ठरलं. तीन ठिकाणांहून कोटेशनं आली. मॉडेल तिन्हींत वरवर पाहता तेच, शेपटी मात्र वेगळी. एकाच्या शेवटी आयएन (भारत), दुसऱ्याच्या ईयू (युरोप), तिसऱ्याच्या एनए (उत्तर अमेरिका). आयएन सर्वांत महाग, एनए सर्वांत स्वस्त. खरेदी विभागानं विचारलं, "मशीन एकच आहे, तर जास्तीचे पैसे कशाचे?" प्रश्न रास्त होता. "कंपनी देते म्हणून" एवढ्यावर तो मिटवणं आम्हाला पटेना, म्हणून एकेक गोष्ट तपासत गेलो.

पण आधी शेपटीच्या अलीकडचं अक्षर बघावं लागलं, कारण खरी चूक तिथेच होणार होती. एका कोटेशनमध्ये २४पी-४जी होतं, बाकी दोघांत २४एफपी-४जी. पोर्ट तेवढेच, दिसायलाही जवळपास सारखेच. फरक पीओईच्या एकूण विजेचा: २४पी मध्ये १९५ वॅट, २४एफपी मध्ये ३७० वॅट. ३७० हा आकडा कुठून येतो हे माहीत असलं की बाकी सगळं सोपं जातं. ८०२.३एएफ या पीओईच्या २००३ च्या मानकात पोर्टपाशी जास्तीत जास्त १५.४ वॅट मिळतात. चोवीस गुणिले १५.४ म्हणजे ३६९.६. अठ्ठेचाळीस पोर्टच्या स्विचवर ७४० वॅट लिहिलेलं असतं तेही याच गुणाकारातून. २००९ च्या ८०२.३एटी मध्ये, म्हणजे पीओई प्लसमध्ये, पोर्टपाशी ३० वॅट आले, आणि २०१८ च्या ८०२.३बीटी मध्ये ६० व ९०. म्हणजे ३७० वॅटचा स्विच चोवीसही पोर्टवर एकाच वेळी ३० वॅट देऊ शकत नाही. "प्रत्येक पोर्ट पीओई प्लस" असं छापलेलं खरंच असतं, पण सगळे पोर्ट एकदम नव्हे.

आमचा हिशेब दोन तऱ्हेनं केला. कॅमेरे वर्ग ३ चे, म्हणजे पोर्टमागे १५.४ वॅट राखायचे, सोळांचे २४६.४. अ‍ॅक्सेस पॉइंट वर्ग ४ चे, पाचांचे १५०. बेरीज ३९६.४, म्हणजे ३७० च्याही वर. पण ही वर्गाची कमाल झाली. प्रत्यक्ष खप मोजला तर रात्री इन्फ्रारेड दिवे लागल्यावर कॅमेरा ९ वॅटच्या आसपास जातो, आणि गर्दीच्या वेळी अ‍ॅक्सेस पॉइंट १८ च्या. १४४ अधिक ९०, एकूण २३४. त्यामुळे १९५ वॅटचा स्विच बाद झाला आणि ३७० वॅटचा पुरेसा ठरला, एवढंच की त्यानं वीज वर्गानुसार अडवून न ठेवता प्रत्यक्ष खपावर मोजायला हवी. ही सेटिंग नीट पाहून घ्या. १९५ वॅटचा स्विच लावला असता तर दिवसभर सगळं ठीक चाललं असतं आणि तिन्हीसांजेला इन्फ्रारेड दिवे लागताच दोनचार कॅमेरे गेले असते. मग लोक केबल बदलतात, कॅमेरे बदलतात, आणि सकाळी सगळं आपोआप ठीक होतं म्हणून आणखी गोंधळतात.

हे झाल्यावर शेपटीकडे वळलो. सगळ्यात आधी सांगायला हवं ते हे, की मॉडेल क्रमांकातलं प्रत्येक अक्षर प्रदेशाचं नसतं आणि तेच अक्षर वेगवेगळ्या ठिकाणी वेगळं बोलतं. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ९२०० आणि ९३०० स्विचच्या शेवटी ई किंवा ए असतं. ते युरोप-अमेरिका नव्हे. ई म्हणजे नेटवर्क इसेन्शियल्स, ए म्हणजे नेटवर्क अ‍ॅडव्हान्टेज, दोन्ही लायसन्सचे प्रकार. त्याच कंपनीच्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर मात्र ई म्हणजे खरोखरच युरोपचा रेडिओ प्रदेश, आणि डी म्हणजे भारत. बिझनेस मालिकेतल्या छोट्या आठ पोर्टच्या स्विचवर डी आलं तर ते डेस्कटॉपचं, आणि मधे ई आलं तर बाहेरच्या अ‍ॅडॉप्टरचं. मिक्रोटिकच्या स्विचवर आयएन दिसलं की भारतासाठी बनवलेला समजून लोक खूश होतात. तिथे आयएन म्हणजे इनडोअर, घरात ठेवायच्या डब्यातला, आणि आरएम म्हणजे रॅकमाउंट. एचपीई अरुबाच्या क्रमांकापुढे हॅश देऊन तीन अक्षरं येतात: एसीजे भारत, एबीए अमेरिका, एबीबी युरोप, एबीयू ब्रिटन. हे पाठ करायची गरज नाही, पण ज्या कंपनीचा माल घेतोय तिचं क्रमांक वाचायचं पान एकदा शेजारी उघडून ठेवावं.

बिझनेस ३५० मध्ये आयएन, ईयू, यूके, एनए ही अक्षरं प्रदेशाचीच. मग फरक काय? बोर्ड तोच, चिप तीच, फर्मवेअरची, म्हणजे स्विचमधल्या सॉफ्टवेअरची, फाइल तीच. वीजपुरवठा १०० ते २४० व्होल्ट, ५० किंवा ६० हर्ट्झ, तिन्हींत सारखाच. खोक्यातली पॉवर कॉर्ड वेगळी. इथपर्यंत खरेदी विभागाचं म्हणणं बरोबर होतं. "कॉर्ड बदलू, दोनशे रुपयांचं काम" हेही त्यांनी लगेच सुचवलं. कॉर्ड बदलायला हरकत नसते, पण ती कशी बदलली जाते ते आम्ही पाहत आलो आहोत, म्हणून इथे जरा थांबतो.

ईयूच्या खोक्यात युरोपी टॉप येतो, गोल, दोन पिनांचा. त्याच्या पिना ४.८ मिलिमीटर जाडीच्या आणि १९ मिलिमीटर अंतरावर. आपल्या पाच-सहा अँपिअरच्या थ्री पिन सॉकेटची खालची दोन भोकंही जवळजवळ त्याच अंतरावर, पण ५.१ मिलिमीटरच्या पिनेसाठी केलेली. म्हणून तो टॉप आपल्या सॉकेटात जातो. त्यामुळेच तो धोक्याचा. पिना सैल बसतात, लूज कॉन्टॅक्ट होतो, सॉकेट हळूहळू काळं पडतं. त्याहून वाईट म्हणजे या टॉपचं अर्थिंग कडेच्या पट्ट्यांवर असतं आणि आपल्या सॉकेटात त्या पट्ट्यांना भिडायला काहीच नाही. स्विच चालू होतो, दिवे लुकलुकतात, अर्थिंग मात्र नसतं. मग वीजपुरवठ्यातल्या फिल्टर कपॅसिटरमधून स्विचच्या डब्यावर अर्ध्या व्होल्टेजच्या आसपास, म्हणजे ११५ व्होल्टपर्यंत, दाब उभा राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण रॅकला हात लावणाऱ्याला झिणझिण्या येतात. शिवाय बाहेर खांबांवर लावलेल्या कॅमेऱ्यांच्या केबलवरून पावसाळ्यात आलेल्या लाटेला जमिनीत जायला वाट राहत नाही. ती पोर्टमधून जाते, आणि एका कडकडाटात चार-सहा पोर्ट मरतात.

एनएची कॉर्ड आणखी वेगळी. अमेरिकी टॉपच्या चपट्या पिनांचं रेटिंग १२५ व्होल्टचं असतं. करंटच्या बाजूनं पाहिलं तर आपल्याकडे तिला उलट आरामच असतो: पीओईचे ३७० आणि स्विचचे स्वतःचे पन्नासेक वॅट, वीजपुरवठ्याची कार्यक्षमता नव्वद टक्के धरली तर साधारण ४६७ वॅट, १२० व्होल्टला ३.९ अँपिअर, २३० ला जेमतेम दोन. अडचण व्होल्टेजच्या रेटिंगची आणि मधे लावाव्या लागणाऱ्या कनव्हर्टर पिनेची. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच कनव्हर्टर पिनांत अर्थची पिन नुसती आधाराला असते, आत तारेला जोडलेली नसते. मल्टिमीटरचं एक टोक कनव्हर्टरच्या मोठ्या पिनेला आणि दुसरं त्याच्या अर्थच्या भोकात लावून बझर वाजतो का पाहिलं की दहा सेकंदांत कळतं. नाही वाजला तर कचऱ्यात टाका, ड्रॉवरमध्ये ठेवू नका. कोणीतरी पुन्हा वापरतोच.

कॉर्ड बदलायचीच तर टॉपवर आयएस १२९३ आणि आयएसआयचा शिक्का असलेली, केबलवर १ चौरस मिलिमीटर छापलेली घ्यावी. स्विचच्या बाजूचं टोकही पाहावं. बिझनेस ३५० ला संगणकाला लागतं तेच सी१३ टोक चालतं. कॅटॅलिस्ट ९३०० सारख्या मोठ्या स्विचच्या वीजपुरवठ्याला मात्र खाच असलेलं सी१५ टोक लागतं, उष्णता सोसणारं. सी१५ संगणकाला बसतं. सी१३ या स्विचला बसत नाही. नवा स्विच रॅकमध्ये चढवून झाल्यावर रात्री नऊ वाजता हे कळणं फार त्रासाचं, कारण ती कॉर्ड कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. आणि रॅकमध्ये सी१३ सॉकेटांची पट्टी असेल तर देशाचा टॉप हा विषयच संपतो; सी१४ (त्या पट्टीत बसणारं टोक) ते सी१३ अशी छोटी कॉर्ड मागवा आणि खोक्यातली तशीच राहू द्या. कारखान्यात अशी पट्टी नव्हती, साधी सहा अँपिअरची सॉकेटं होती.

एवढ्यावरून तरी ईयूचा स्विच आणि एक चांगली भारतीय कॉर्ड हा सौदा वाईट नव्हता. खरं पारडं कागदांनी फिरवलं.

पहिला कागद वॉरंटीचा. या मालिकेला मर्यादित आजीवन हार्डवेअर वॉरंटी असते, पण ती मूळ ग्राहकाला असते. एनएचा स्विच ज्यानं अधिकृत मार्गानं घेतला तो ग्राहक अमेरिकेतला कोणीतरी; आपल्या हातात आलेली वस्तू कंपनीच्या नोंदीत दुसऱ्याची. बिघडल्यावर केस उघडली तर सीरियल क्रमांक विचारला जातो, खरेदीचा पुरावा विचारला जातो आणि विक्री कोणत्या देशात झाली तेही पाहिलं जातं. कारखान्यात कॅमेऱ्यांचा स्विच गेला तर बदली स्विच किती दिवसांत येतो यावर सगळं असतं, आणि विक्रेत्याच्या तोंडी "आमची एक वर्षाची रिप्लेसमेंट" या वाक्यात दिवस किती ते नसतं. आम्ही तेवढंच लेखी मागितलं. दोघांपैकी एकानंही दिलं नाही.

दुसरा कागद कराचा. १८ टक्के जीएसटीची वजावट हवी तर रीतसर बिल हवं, त्यावर एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक, ८५१७ हवा. स्वस्त कोटेशनमध्ये "बिलासह" आणि "बिलाशिवाय" असे दोन भाव होते. बिलासहचा भाव धरला, वजावट दोन्ही बाजूंनी मोजली, तेव्हा आयएनशी असलेलं अंतर बरंच आटलं. तुलना नेहमी वजावटीनंतरच्या आकड्यांची करावी. कोटेशनच्या तळाची बेरीज फसवते.

तिसरा कागद प्रमाणनाचा. माहिती तंत्रज्ञानाच्या उपकरणांचे पॉवर अ‍ॅडॉप्टर भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात, म्हणून बाहेरचा अ‍ॅडॉप्टर असलेला छोटा स्विच घेताना अ‍ॅडॉप्टरवर आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहायचा. दूरसंचार खात्याच्या टीईसीची (दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राची) सक्तीची चाचणी-प्रमाणन योजनाही आहे. तिच्या यादीत लॅन स्विच येतो आणि तिचे टप्पे एकेक करत लागू झाले. खासगी कारखान्याला याचा रोजचा जाच नाही. पण सरकारी निविदा, बँक किंवा मोठ्या ग्राहकाचं ऑडिट असेल तर पहिल्याच दिवशी प्रमाणपत्र मागतात, आणि परदेशी शेपटीच्या मालाला ते दाखवता येत नाही.

म्हणून आयएन ठरला. प्रदेशाचं अक्षर आत शिरतं, म्हणजे कॉर्ड आणि कागदापलीकडे उपकरणाचं वागणंच बदलतं, अशा जागाही आहेत, आणि स्विच घेताना त्या शेजारीच उभ्या असतात.

सगळ्यात ठळक जागा रेडिओची. स्विच परदेशी चालला म्हणून त्याच सौद्यात अमेरिकी अ‍ॅक्सेस पॉइंट घेणं ही महागडी चूक. अमेरिकेसाठीचे अ‍ॅक्सेस पॉइंट तिथल्याच चॅनेलांना आणि शक्तीच्या मर्यादांना बांधलेले असतात, देश बदलायचा पर्याय बऱ्याच वेळा दिसतच नाही. अरुबाच्या वायरलेस कंट्रोलरमध्ये यूएस आणि आरडब्ल्यू, म्हणजे उरलेलं जग, असे वेगळे प्रकार याचसाठी. भारतात ५ गिगाहर्ट्झचा ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ पट्टा २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. त्यातलं काय वापरता येईल ते अ‍ॅक्सेस पॉइंटचा प्रदेश ठरवतो. आमचे पाचही अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणूनच डी शेपटीचे घेतले, तिथे भावाची चर्चाच केली नाही.

दुसरी जागा एन्क्रिप्शनची. काही देशांत बळकट एन्क्रिप्शनच्या आयातीवर बंधनं आहेत, म्हणून कंपन्या त्यांच्यासाठी फर्मवेअर वेगळं ठेवतात. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ९००० च्या फाइलच्या नावात एनपीई (नो पेलोड एन्क्रिप्शन) दिसलं तर त्यात मॅकसेक, म्हणजे केबलवरून जाणाऱ्या डेटाचं एन्क्रिप्शन, नाही. जुनिपर कंपनीच्या जुनोस या फर्मवेअरची लिमिटेड आवृत्ती रशिया, बेलारूस, कझाकस्तान, आर्मेनिया, किर्गिझस्तान यांच्यासाठी असते. वापरलेला माल घेताना हे हमखास अंगावर येतं. सिस्कोच्या जुन्या २९६० स्विचवर नावात के९ (एन्क्रिप्शनची खूण) नसलेली फाइल असली तर एसएसएच, म्हणजे एन्क्रिप्ट केलेलं दुरून लॉगिन, नाहीच; नुसतं उघडं टेलनेट. शो व्हर्जन हा आदेश देऊन फाइलचं नाव वाचा. क्रिप्टो की जनरेट हा आदेश स्विचला ओळखीचाच नसेल तर उत्तर मिळालंच. टीपी-लिंकच्या फर्मवेअर पानावर ईयू, यूएस, यूएन असे प्रदेश असतात, यूएन म्हणजे सर्वसाधारण. दुसऱ्या प्रदेशाची किंवा दुसऱ्या हार्डवेअर आवृत्तीची फाइल चढवली तर स्विच अर्ध्यात अडकू शकतो आणि वॉरंटीही जाते.

क्लाउडवरून चालणाऱ्या स्विचमध्ये आणखी एक गाठ असते. आधीच्या मालकानं आपल्या खात्यातून सीरियल क्रमांक सोडला नसेल तर तो आपल्या खात्यात जोडताच येत नाही, मग स्विच कितीही चांगला असो.

आयएनची ऑर्डर देतानाही पर्चेस ऑर्डरमध्ये चार गोष्टी शब्दशः लिहिल्या: मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरासह पूर्ण, बिलावर सीरियल क्रमांक, वॉरंटी ग्राहकाच्या नावानं नोंदवलेली, आणि खोकं सीलबंद. चौथी ओळ कामाला आली. आलेल्या खोक्याचं सील वरून ठीक होतं, पण लेबलची एक कड दुसऱ्या लेबलवर चढलेली. खाली ईयू. आत भारतीय कॉर्ड होती, सुट्या प्लास्टिकमध्ये, मूळ पिशवीत नाही. स्विचच्या मागचा सीरियल क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळेना. सिस्कोच्या अकरा अक्षरी क्रमांकात पहिली तीन अक्षरं कारखान्याची, पुढचे दोन आकडे वर्षाचे, त्यापुढचे दोन आठवड्याचे. वर्षाच्या आकड्यात १९९६ मिळवायचे: २५ असेल तर २०२१, २४ असेल तर २०२०. खोक्यावर २५ होतं, स्विचवर २४. खोकं उघडलेलंच नाही असं विक्रेता म्हणत राहिला. फोटो, बिल आणि ऑर्डरमधली ओळ एकत्र पाठवली, माल परत गेला. नऊ दिवसांनी दुसरा आला, तो बरोबर होता.

तो लावताना आधी सॉकेट मोजलं. फेज-न्यूट्रल २३४ व्होल्ट, फेज-अर्थ २३३, न्यूट्रल-अर्थ १.४. न्यूट्रल-अर्थ तीनच्या वर गेला असता तर वायरमनला बोलावल्याशिवाय पुढे गेलो नसतो. औद्योगिक भागात न्यूट्रल तुटण्याची भीती खरी असते. तेव्हा २३० च्या जागी तीनशेच्या वर व्होल्टेज येतं आणि २४० पर्यंतचा वीजपुरवठा ते फार वेळ सोसत नाही. म्हणून मधे १ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस घेतला. स्विचच्या डब्यापासून रॅकच्या अर्थ पट्टीपर्यंत वेगळी हिरवी तार ओढली. मग फर्मवेअर, मग पीओई खपावर मोजण्याची सेटिंग, मग प्राधान्य: फाटकावरचे आणि गोदामाचे कॅमेरे क्रिटिकल, बाकीचे हाय, अ‍ॅक्सेस पॉइंट लो. वीज कमी पडलीच तर आधी वायफाय जावं, फाटक नव्हे.

पीओईचं वाचन दुपारी दोनला घेतलं तेव्हा १५८ वॅट होतं. संध्याकाळी साडेसातला इन्फ्रारेड दिवे लागल्यावर २२६. मग यूपीएसच मुद्दाम बंद करून चालू केला, सगळे एकवीस पोर्ट एकदम उठवले आणि एकही अडला नाही हे पाहून रॅकला कुलूप लावलं.